पाखरं राखणे म्हणजे काय

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. कोणी पेणचं नाव काढलं की मी पापडांवर बोलायचो, पोह्यांवर बोलायचो, खाडीतल्या जिताड्यावर तर जेवणाचं ताट समोर येईपर्यंत बोलायचो. हिराजीचा विषय मात्र निघू द्यायचो नाही. आता पंचाहत्तरी उलटली. मोतीबिंदू काढूनही डावा डोळा धड नाही आणि लांब लेन्स हातात धरली की समोरचा बगळा नाचायला लागतो. म्हणून गेल्या दिवाळीनंतर पेण आणि रोहा असा प्रवास करून आलो. निमित्त पक्ष्यांच्या फोटोंचं होतं. ज्यांना त्या भागातल्या पक्ष्यांची नावनिशी हवी आहे त्यांनी ती दुसरीकडे शोधावी. आमच्या मंडळातले लोक ती आनंदाने देतील, न विचारताही देतील.

पेण

पहाटे पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांबद्दल न जाणाऱ्यांच्या मनात फार पवित्र कल्पना असतात. धुकं, शांतता, ऋषितुल्य संयम. प्रत्यक्षात खाडीच्या बांधावर आठ प्रौढ माणसं एका रांगेत उभी असतात, आणि प्रत्येकाचं अर्धं लक्ष शेजारच्याची लेन्स आपल्यापेक्षा किती लांब आहे याकडे असतं. सगळ्यांच्या अंगात झाडपाल्याचं चित्र छापलेले कपडे. पेणच्या खारेपाटात नजर जाईल तिथवर झाड नाही. सपाट भातशेती, मधून मातीचे बांध, पलीकडे खाडी. अशा ठिकाणी आठ झुडपं एकाएकी बांधावर उगवून खोकायला लागली तर पाखरं काय समजत असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

आमचे म्होरके नाडकर्णी. बँकेतून निवृत्त. त्यांची लेन्स तोफेएवढी आहे आणि ती वाहायला त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे येतात. नाडकर्णी कुजबुजले की दूरच्या बांधावरचं कुत्रं उठून बसतं.

"डावीकडे! दलदल ससाणा!" ते कुजबुजले.

आठ कॅमेरे एकदम कडकडले. ससाण्याने एक घिरटी घेतली आणि तो धरमतरच्या दिशेने निघून गेला. बुद्धिमान पक्षी.

खोटं कशाला बोलू, सकाळ देखणी होती. समुद्राचं पाणी बांधाने अडवून मागच्या पिढ्यांनी ही शेती कमावली आहे. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं म्हणून बांधाला दार ठेवतात, त्याला इथे उघाडी म्हणतात. उघाडीजवळच्या चिखलात शेकाटे आपल्या लाल काटकुळ्या पायांवर फिरत होते, एखाद्या सोवळ्यातल्या माणसाने ओल्या फरशीवरून जावं तसे. आतल्या बाजूला भात पिकून वाकलं होतं. सूर्य वर आला तशी लोंब्यांवरच्या दवाला धार आली आणि मुनियांचा एक अख्खा थवा भातावर उतरला. मुठीएवढी पाखरं, पण थवा बसला की भात जमिनीकडे झुकतं. आमचे कॅमेरे पुन्हा कडकडले. त्या भाताचा मालक कुठे तरी असेल, हा विचार बाकीच्या सातांपैकी कोणालाही शिवला नाही. मला शिवला, पण मला तो शिवायला एवढी वर्षं लागली होती.

उन्हं अंगावर आल्यावर सगळे पाण्याच्या बाटल्या काढून बसले आणि नेहमीचा हिशेब सुरू झाला.

"तुम्ही काय मारलंत?"

"ससाणा मारला. मुनिया तर सणसणीत मारल्या. तुम्ही?"

"मी एक जांभळी पाणकोंबडी मारली, पण जरा हलली."

बांधावरून एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. ती थांबली. आमच्याकडे पाहिलं, आमच्या पिशव्यांकडे पाहिलं.

"एवढी मारलाव, मंग ठेवलाव कुठं?"

नाडकर्णींनी तिला समजावलं की मारलं म्हणजे फोटो मारला, आम्ही पाखरांच्या केसालाही धक्का लावत नाही. पाखरांना केस नसतात हे सांगण्याचा मोह मी आवरला.

"मंग फोटो मारला असं बोला ना," बाई म्हणाली. इकडच्या बोलीत 'कशाला'चं 'कला' होतं. "पाखरां मारली कला बोलता? असल्या बोलण्यापायी आमचा एक मानूस गाव सोडून गेला."

"कोण हो?" मेहुण्यांनी विचारलं.

"हिराजी. बोर्ड हाय बगा त्याचा पुढं, उघाडीजवळ." आणि ती भारा सावरत निघून गेली. तिने मला ओळखलं नाही. मी टोपी डोळ्यांवर ओढली होती, आणि त्याला ऊन हे कारण नव्हतं.

बोर्ड सापडला. आमच्याच मंडळाने लावलेला पत्र्याचा बोर्ड. खांब कोणी तरी नेले होते आणि पत्रा चराच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवा टाकून त्याचा साकव केला होता. गंजलेल्या पत्र्यावर हिराजीचा चेहरा अजून ओळखू येत होता, आणि खाली माझे शब्द: 'पक्ष्यांचा राखणदार'. नाडकर्णी त्यावरून तोफ सांभाळत पलीकडे गेले. मेहुणे गेले. बाकीचे गेले. माझ्याच्याने त्या चेहऱ्यावर पाय ठेववेना. मी चरात उतरलो, गुडघ्याएवढ्या चिखलात रुतलो आणि एक बूट तिथेच राहिला. मंडळाच्या ग्रुपवर त्या सकाळचा सर्वांत जास्त वाखाणला गेलेला फोटो माझा आहे. दलदलीत अडकलेला, एका पायात बूट असलेला म्हातारा. फोटो चांगला आला आहे. नाडकर्णींचा हात स्थिर आहे.

आता मूळ गोष्ट सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, नुकता निवृत्त होऊन कॅमेरा घेतला होता तेव्हा, अशाच एका कार्तिकातल्या सकाळी मी याच बांधावर एकटा आलो होतो. भातात चार बांबूंवर एक मचाण होतं आणि त्यावर एक काळाकभिन्न, मिशाळ, भरघोस आवाजाचा माणूस बसला होता. तोच हिराजी. मी विचारलं, "इथे काय करता?"

तो म्हणाला, "पाखरां राखतो."

एवढंच. तीन अक्षरी क्रियापद. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेला माणूस. गुरं राखणारा गुरं जपतो, घर राखणारा घर जपतो, तेव्हा पाखरं राखणारा पाखरं जपत असणार. मला भरून आलं. मी त्याचे फोटो काढले आणि ठाण्याला परत येऊन लेख लिहिला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो अर्धं पान व्यापून आला. मी लिहिलं की हा निरक्षर शेतकरी पहाटेपासून पक्ष्यांवर मायेची पाखर घालून बसतो. मी लिहिलं की तो एकेका पाखराला नाव घेऊन हाका मारतो. शिव्या होत्या त्या. त्यांतल्या काही मी तोवर ऐकल्या नव्हत्या, म्हणून मला त्या पक्ष्यांची स्थानिक नावं वाटल्या. मी लिहिलं की त्याच्या कमरेला एक साधी विणलेली दोरी होती. गोफण होती ती.

खेड्यातलं कोणतंही पोर मला सांगू शकलं असतं की पाखरं राखणे म्हणजे पिकावरून पाखरं हाकणे. पण खेड्यातलं पोर रविवारची पुरवणी तपासत नाही.

लेख गाजला. मंडळाने ठाण्यात हिराजीचा सत्कार ठेवला. आमच्याकडे कोणाचंही भलं करायचं झालं की आधी शाल-श्रीफळ सुचतं. हिराजी इस्त्रीचा सदरा घालून आला, खूश होता. शहरातली माणसं भात खातात, तेव्हा भात राखणाऱ्याचा मान करत असतील, असं त्याला वाटलं. यात न समजण्यासारखं काय आहे? मला तर आजही ते आमच्या समजुतीपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकपाशी गेला आणि मचाणावरच्या आवाजात म्हणाला:

"मी हाय तवर एक पाखरू बसून देणार नाय!"

सभागृह गोंधळलं. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. मचाण, दोरी, हाका, सगळं. मी माइक हातात घेतला आणि मराठीचं मराठीत भाषांतर केलं. "म्हणजे, पक्ष्यांना त्रास देणाऱ्याला ते तिथे बसू देत नाहीत." टाळ्यांचा कडकडाट झाला. हिराजी माझ्याकडे बघत राहिला. टाळ्या वाजतायत म्हणून त्यानेही हात जोडले.

तिथवर ती चूक होती. माइक हातात घेतला तेव्हापासून ते खोटं होतं.

पुढे बोर्ड लागला. गावातल्या लोकांनी हिराजीला आपली भातं राखायला ठेवलेलं, बदल्यात प्रत्येक खळ्यावरून त्याला भाताचा वाटा. त्यांनी बोर्ड वाचला आणि पुढच्या हंगामाला त्याची राखण काढून घेतली. आमच्या भातावर शहरातल्यांची पाखरं पोसतो, म्हणाले. मग तो स्वतःच्या तुकड्यापुरती पाखरं हाकत बसला. त्याच सुमाराला आमच्या मंडळातल्या कोणी तरी त्याचा गोफण फिरवतानाचा व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडे पसरला. राखणदारच मारेकरी! लोक मला विचारू लागले. मला फक्त एक वाक्य लिहायचं होतं, शब्द मला कळला नव्हता एवढंच. त्याऐवजी मी लिहिलं, 'एका साध्या माणसावर मी विश्वास ठेवला. त्याने आम्हा सर्वांची फसवणूक केली.' त्यालाही लोकांनी वाहवा दिली. वाहवा द्यायला माणसं कधी कमी पडत नाहीत.

हमरापूर

मंडळ दुपारी ठाण्याला परतलं. मी मागे राहिलो. पेणच्या बाजारातून रबरी चपला घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी हमरापूरला गेलो. हिराजीची मुलगी सुनंदा तिथे गणपतीच्या कारखान्यात काम करते हे बांधावरच्या एका माणसाने सांगितलं होतं.

हमरापूरला कारखाना म्हणजे घराची पडवी, त्यापुढे घातलेला मांडव आणि त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपती. ते रंगाआधी सगळे पांढरे आणि सगळे आंधळे. आमच्याकडे देवाला पाहिलं की हात जोडतात. इथे बाया एकाच्या सोंडेवर ओला फडका वाळत घालतात, दुसऱ्याच्या मांडीवर चहाचा कप ठेवतात आणि कामाला लागतात. मला ते ठाण्याच्या भक्तीपेक्षा सरळ वाटलं.

सुनंदा डोळ्यांची आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. हे काम सगळ्यांना देत नाहीत. ती पाटावर बसून एका फूटभर गणपतीच्या उजव्या डोळ्यावर वाकली होती. मी नाव सांगितलं.

"वलखला आवाज," ती वर न बघता म्हणाली. "सत्काराच्या विडियोत आयकलेला. बोला सर. पन मना तुमच्याकडं बगायला लावू नका, डोला बिघडंल."

पलीकडची एक बाई म्हणाली, "कोन गो सुनंदा?"

"बाबाला फेमस केलेला तो."

पाच-सहा बाया माझ्या नव्या चपलांकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, मला हिराजीदादांना भेटायचंय.

"कला? परत बोर्ड लावता काय?" मागून कोणी तरी हसलं. सुनंदा नाही हसली. तिने बुबुळ भरलं, कुंचला पुसला. "राखन गेली ना, तवा बाबा बोलला, जाऊं दे, आपला तुकडा हाय. मंग तुमचा तो विडियो आला. चौकशीला फॉरेस्टची मानसं आली. बाबा सांगतो, अरं मी पाखरां राखतो. ती बोलली, मंग मारतोस कला? आता काय सांगायचं त्यांना? आन गावातली तर काय, नाक्यावर बसली की चालू. हिराजी, आज पाखरांना जेवाण काय केलंस? पेपरात फोटू आला, आता इलेक्शनला उभा ऱ्हा."

"शाल?" मी का विचारलं कोणास ठाऊक.

"ती बुजगावन्याला घातली. पाखरां येऊन तिच्यावरच बसली."

या वेळी सगळ्याच बाया हसल्या, आणि सुनंदाही. मीही हसलो असतो, पण तो हक्क माझा नव्हता.

तिने सांगितलं की बाबा आता भावाकडे रोह्याला असतात. भाऊ धाटावला कंपनीत शिफ्टला जातो, त्याने बाबांना तिथेच एका गोडाऊनच्या गेटवर लावून दिलंय. मग प्रथमच तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रोज देवांना डोळे देणाऱ्या माणसाची नजर फार सोसवत नाही.

"माफी मागायला चाललाव?"

"हो."

"मागा. पन घरात नेऊन कोपऱ्यात नका मागू. त्याचं गेलं ते चार मानसांत गेलं. चार मानसांत मागा."

मी कबूल केलं. तिने पुन्हा मान खाली घातली आणि डावा डोळा घेतला. निघताना तिने एका बाईला हाक मारली, "गो, सरांना भाकर दे." ठाण्याला पाहुण्याला आम्ही 'चहा घेणार का?' असं विचारतो, त्यातल्या 'का'वर जोर असतो. इथे मला न विचारता तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हातावर ठेवली गेली. माझ्यावर राग असलेल्या बायकांच्या मांडवात, आंधळ्या गणपतींच्या मध्ये बसून मी ती सगळी खाल्ली. चव उत्तम होती. लाज वाटली म्हणून भूक कमी झाली, असं लिहायला मला आवडलं असतं.

कोलाड

त्या रात्री कोलाडला मुक्काम केला. हमरस्त्यालगतच्या लॉजमधल्या उशीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिला उशी का म्हणायचं, एवढाच प्रश्न.

पहाटे एकटाच कुंडलिकेवर गेलो. इथे मात्र झाडं आहेत. पाण्यावर वाफ होती. पलीकडच्या उंबरावर धनेशाची जोडी आली आणि पंखांचा तो चिरका, करवतीसारखा आवाज नदीभर झाला. मी कॅमेरा उचललाच नाही. थोड्या वेळाने एक खंड्या समोरच्या खडकावर येऊन बसला आणि त्याने मासा पकडून तो दोनदा आपटला. तो फोटो मी काढला आणि माझ्या थरथरत्या हातांनीही तो बरा आला. माझ्या आयुष्यातला एवढा एकच असा फोटो असेल, ज्यासाठी मी कोणाला उठवलं नाही, हाकललं नाही, की कोणाबद्दल काही लिहिलं नाही.

मग वरून धरणाचं पाणी सोडलं. ही नदी सकाळी सोडली जाते. तोवर ती दमाने वाहत असते. पाणी चढलं आणि त्यावरून नारिंगी जाकिटं घातलेली मुंबईची मंडळी रबरी होड्यांत बसून किंचाळत आली. खंड्या उडाला. मी स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचढ समजण्याच्या बेतात होतो. मग बांधावरचे आम्ही आठजण आठवले आणि तो बेत सोडून दिला. निदान ही माणसं किंचाळतात तरी. आपण काय करतोय ते लपवत नाहीत.

हमरस्त्यावरच्या खाणावळीत मिसळ मागवली. तर्रीवर तेल इतकं की त्यात माझं तोंड दिसत होतं. आणि तिथे बसून मी माफीची वाक्यं जुळवायला लागलो. सवय वाईट. पहिलं वाक्य फार लांब झालं. दुसऱ्यात 'अनवधानाने' आलं, ते काढलं. 'गैरसमज' घातला, मग काढला, कारण तो शब्द कोणाचा ते सांगत नाही. बोलताना ओठ हलत असावेत.

"काका, काय पायजे?" वेटरने विचारलं.

"माफी," माझ्या तोंडून गेलं.

तो गल्ल्याकडे वळून ओरडला, "एक मावा आहे का रे, मावा?"

मावा नव्हता. पण शेवटी माफी जमली. साधी झाली, लहान झाली. मी ती मनात दोनदा म्हणून पाहिली आणि समाधानाने पाव पुसून खाल्ला. परीक्षेला बसलेल्या माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने इतकी तयारी केली नसेल.

धाटाव

कोलाडहून धाटावला जाताना आधी वास येतो, मग चिमण्या दिसतात. घरट्यातल्या नाहीत, धुराच्या. शिफ्ट सुटायची वेळ होती. बसेस, मोटारसायकली, डबे लटकावलेली माणसं, सगळी एकाच वेळी रस्त्यावर. गोडाऊन शोधायला वेळ लागला नाही, कारण आवाज लांबूनच आला.

"ए! गाडी मागं घे! मागं! तुज्या बापाचा रस्ता हाय काय?"

खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. मिशी पांढरी झाली होती, पोट सुटलं होतं, आवाज मात्र मचाणावरचाच. गोडाऊनच्या पत्र्यावर कबुतरांची ओळ बसली होती. त्याने मला पाहिलं, डोळे बारीक केले आणि शिट्टी तोंडातून काढली.

"सर?"

"हो, हिराजीदादा."

"आयला! सर! म्हातारं झालाव!" तो मोठ्याने हसला. हे मला अपेक्षित नव्हतं. मी रागाची तयारी करून गेलो होतो. रागापुढे माफी मागणं सोपं असतं. त्याने मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, समोरच्या टपरीवाल्याला चहा सांगितला. शेजारच्या गेटवरचा रखवालदार, ज्याला तो पाटील म्हणत होता, बघायला आला. दोन ड्रायव्हर ट्रकचे कागद व्हायची वाट बघत उभे होते. टपरीवाला चहा घेऊन आला तो तिथेच थांबला. मोजायची गरज नव्हती, पण माझं लक्ष गेलं: बरोबर चार माणसं.

"हे आमचे सर," हिराजीने त्यांना सांगितलं. "यांनीच माजा फोटू पेपरात दिलेला. तुमाला खोटा वाटत होता."

"म्हनजे ते खरं?" पाटील म्हणाला. "मंग ते दुसरं बी खरं असंल. पाखरां मारायचास ते."

"अरं मारत नव्हतो रं. राखत होतो."

"तेच तर. राखत होतास तर मारत कला होतास?" पाटीलने ड्रायव्हरांना डोळा मारला. ही थट्टा जुनी होती हे दिसत होतं. गेटवर रोज होत असणार. नाक्यावरून ती त्याच्या मागोमाग रोह्यापर्यंत आली होती. पाटील कधी शेतात उभा राहिलेला नसावा. किंवा त्याला सगळं कळत असावं आणि तरी वेळ जाण्यासाठी तो विचारत असावा.

हिराजी हसला, पण पहिल्यासारखं नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"सर, तुमी मास्तर मानूस. सांगा याला. मी तवा काय बोललो होतो, आन त्याचा अर्थ काय, तेवडं सांगा. तुमी सांगितला की मानंल तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाक्य तयार होतं. सुनंदाची अटही आपोआप पुरी झाली होती. इतकी सोपी संधी देवसुद्धा देत नाही, हिराजीने दिली होती. मी खुर्चीवरून उठलो. पाटीलच्या चेहऱ्यावर ते बारीक हसू होतं, ड्रायव्हर कान देऊन उभे होते, आणि माझ्या मनात आलं की आता हे चौघं माझ्यावर हसणार. मराठीचा मास्तर, आणि पाखरं राखणे कळलं नाही!

मी म्हणालो, "तेव्हा बोलण्यात जरा गफलत झाली. दोन्हीकडून."

दोन्हीकडून.

हिराजीने हात जोडले, जसे सभागृहात टाळ्या वाजताना जोडले होते.

"व्हय," तो म्हणाला. "गफलत झाली."

पाटीलचा रस गेला. तो आपल्या गेटकडे परतला. ड्रायव्हरांचे कागद झाले. हिराजीने दांडा वर केला, शिट्टी वाजवली, ट्रक बाहेर काढला, दांडा खाली केला. पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि एक चक्कर मारून पुन्हा तिथेच बसली. त्याने त्यांना काहीच म्हटलं नाही. एक शिवीसुद्धा नाही.

मी चहा संपवला. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, "इथे पक्षी येतात का?"

"कबुतरां येतात. येऊं दे. इथं काय पिकत नाय."

मी निघालो. तो गेटपर्यंत आला, म्हणजे दोन पावलं, कारण तो गेटवरच होता. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे त्याने बोट केलं.

"आलाव तर एक फोटू मारा," तो म्हणाला. टोपी सरळ केली, छाती पुढे काढली. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा तो पुढे म्हणाला, "पन सर, खाली काय लिवू नका."

फोटो मी काढला. तो इथे दिलेला नाही, आणि त्याखाली मी काही लिहिलेलं नाही.

कोलाडच्या खाणावळीत जुळवलेली, धाटावच्या गेटवर चार माणसांसमोर म्हणायची राहिलेली माफी ही अशी होती:

"पाखरं राखणे म्हणजे पिकावर बसणारी पाखरं हाकणे. हिराजी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता आणि तेच करत होता. त्याने कोणालाही फसवलं नाही. फसवलं मी, एकदा सभागृहात आणि एकदा लिहून, मला हसतील म्हणून. हिराजीदादा, मला माफ करा. तुम्ही मराठीच बोलत होतात. मला ती येत नव्हती."